हिवाळा, गाडीची सीट आणि थोडंसं तेल



दिवाळीचे दिवे विझले, तूर फुलावर आली आणि पहाटे अंगावर दुलई ओढावीशी वाटू लागली, की वर्ध्यातल्या माझ्या कुशनच्या दुकानात एक ठरावीक वाक्य ऐकू येऊ लागतं. गाडीवाला उतरतो, दार उघडतो, सीटवरच्या बारीक भेगेवर बोट ठेवतो आणि म्हणतो, "काकाजी, हे पाहा, थंडीनं सीट फुटली."

सीटा शिवण्याचं आणि दुरुस्त करण्याचं हे काम मी गेली ४५ वर्षं करतो आहे. या वाक्याला माझं उत्तरही ठरलेलं आहे. "थंडीनं नाही फुटली भाऊ, कोरडेपणानं फुटली. आणि हा कोरडेपणा कालचा नाही." गिऱ्हाइकाला हे उत्तर फारसं आवडत नाही. थंडीला दोष दिला की आपण मोकळे होतो. कोरडेपणा म्हटलं, की त्यात आपलंही दुर्लक्ष येतं.

आज मला बोलायचं आहे ते याच विषयावर. गाडीची चामड्याची सीट हिवाळ्यात कशी स्वच्छ करावी, तिला काय लावावं आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे, काय लावू नये.

आधी हवेचा हिशेब समजून घेऊ. एक मीटर लांब, एक मीटर रुंद आणि एक मीटर उंच अशा खोक्यात मावेल एवढी हवा घ्या. ३० अंश सेल्सिअसला ती हवा साधारण ३० ग्रॅम पाण्याची वाफ धरू शकते. १० अंशांना मात्र जेमतेम ९ ते साडेनऊ ग्रॅम. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत काही रात्री पारा १० अंशांच्या आसपास उतरतो आणि दुपारी तोच २८ अंशांवर जातो. पहाटेची हवा दुपारी तापते, पण तिला नवीन पाणी कुठून मिळालेलं नसतं. मग ही तहानलेली हवा जिथं ओल दिसेल तिथून ती ओढून घेते. तुमच्या ओठांतून घेते, टाचांतून घेते आणि गाडीच्या सीटमधूनही घेते. त्यात पहाटे काचा बंद करून हीटर लावला, की गाडीच्या आत हाच प्रकार दहा मिनिटांत घडतो.

नीट कमावलेल्या चामड्यात वजनाच्या साधारण बारा ते पंधरा टक्के ओल असते. चामडं म्हणजे कोलॅजेन नावाच्या प्रथिनाच्या असंख्य तंतूंची दाट गुंफण. हे तंतू एकमेकांवरून सरकले पाहिजेत, म्हणून चामडं कमावताना त्यांच्यात तेल मुरवलेलं असतं. ओल गेली की तंतू ताठतात. तेल कमी झालं की ते एकमेकांना घासतात. मग त्यावर माणूस बसला, उठला, पुन्हा बसला, की जिथं घडी पडते तिथंच भेग जाते. ड्रायव्हरच्या सीटची दाराकडची कड नेहमी आधी का फुटते, ते आता तुमच्या लक्षात येईल. चढता-उतरता सगळं अंग तिच्यावरूनच घसरतं.

हे शास्त्र मी पुढं पुस्तकांतून वाचलं. त्याआधी ते बाबांच्या तोंडून ऐकलं होतं. बाबा म्हणायचे, "पोरा, जनावर जितं असते तवा कातड्याचं पोषण आतून होते. मेल्यावर ते आपल्या हातावर असते."

बाबा चामडं कमवायला शिकले ते नालवाडीला. आज वर्धा शहराला लागून गेलेलं हे गाव. विनोबा १९३२ साली तिथं राहायला गेले आणि पुढं १९३८ साली पवनारला धाम नदीच्या काठी गेले. गांधीजी १९३४ साली वर्ध्याला आले, त्याच वर्षाच्या डिसेंबरात अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि मगनवाडीत त्याचं काम सुरू झालं. तेलघाणी, हातकागद, मधमाश्या, तशीच चामड्याची गोष्ट. नालवाडीचं चर्मालय गोपाळराव वाळुंजकरांनी चालवलं. तिथला कटाक्ष असा, की कातडं घ्यायचं ते आपोआप मेलेल्या जनावराचं, कत्तल केलेल्या जनावराचं नाही. आणि हे काम जन्मानं ज्याच्या वाट्याला आलं त्यानंच करायचं, असंही नाही. स्वतः गांधीजी दक्षिण आफ्रिकेत चपला शिवायला शिकले होते. त्यांनी शिवलेला एक जोड त्यांनी जनरल स्मट्स यांना दिला होता आणि स्मट्स यांनी तो १९३९ साली, गांधीजींच्या सत्तराव्या वाढदिवसाला, परत पाठवला, हे सर्वश्रुत आहे.

आमच्या घरी मात्र हे काम जन्मानंच आलेलं होतं. आमच्या हातच्या वहाणा लोकांना चालत, हातचं पाणी चालत नसे. जमनालाल बजाजांनी वर्ध्याचं लक्ष्मीनारायण मंदिर १९२८ साली सर्वांना खुलं केलं. पण देवळाचं दार उघडलं म्हणून घराघरांची दारं काही त्याच दिवशी उघडली नाहीत. नालवाडीनं बाबांना दोन गोष्टी दिल्या. एक म्हणजे हुन्नर. मिठात मुरवलेलं कातडं भिजवायचं, चुन्याच्या पाण्यात ठेवून केस काढायचे, मांस खरवडायचं, बाभळीच्या सालीच्या आणि हिरड्याच्या काढ्यात ते आठवडेच्या आठवडे मुरू द्यायचं, मग तेल द्यायचं आणि सावलीत वाळवायचं. आणि दुसरी गोष्ट म्हणजे, आपलं काम हे शिकण्यासारखं, लिहून ठेवण्यासारखं काम आहे, हा विश्वास.

पुढं बाबांनी गावात कुशनचं दुकान काढलं. तेव्हाच्या गाड्यांना बहुतेक रेक्झिनच्या सीटा असत. पण गावातल्या एका डॉक्टरांच्या अॅम्बॅसेडरला बाबांनी मोठ्या हौसेनं खऱ्या चामड्याची सीट शिवून दिली होती. सालीत कमावलेलं, बदामी रंगाचं चामडं. तिच्याकडे पाहून लोक बाबांचं नाव विचारत.

आणि त्या सीटची माती केली ती मी. तो किस्सा आज सांगतो, कारण हिवाळ्यात लोक ज्या तीन चुका करतात, त्या तिन्ही मी एकाच दिवशी केल्या होत्या.

जानेवारीचा महिना होता. बाबा एका लग्नाला परगावी गेले होते. डॉक्टरांनी गाडी पाठवली. सीट मळली आहे, जरा साफ करून द्या, एवढाच निरोप. मी विशीतला, हाताला घाई. पहाटे सहा वाजता कामाला लागलो. गरम पाण्यात धुण्याचा सोडा कालवला आणि ब्रशनं सीट खसाखसा घासली. पाहतो तर बदामी रंग काळवंडू लागला. घाबरलो. वाटलं, तेल दिलं की रंग परत येईल. घरातून खोबरेल तेलाची बाटली आणली. ते तर थिजून पांढरं झालेलं. बोटांनी काढून तसंच चोळलं. ओल्या सीटवर पांढऱ्या गुठळ्या दिसू लागल्या. आता हे वितळवायचं कसं? मी सीट गाडीतून काढली, दुकानात आणली आणि तिच्याजवळ कोळशाची शेगडी ठेवली.

अर्ध्या तासात ते चामडं पापडासारखं आक्रसलं. कडा वर वळल्या, टाके ताणले गेले आणि मधोमध ते लाकडासारखं कडक झालं.

संध्याकाळी बाबा आले. सीटवरून त्यांनी एकदा हात फिरवला. मला वाटलं, आता थोबाडीत बसते. ते काहीच बोलले नाहीत. सायकल काढली आणि डॉक्टरांच्या घरी गेले. मी मागोमाग गेलो आणि फाटकाशी उभा राहिलो. बाबा डॉक्टरांना म्हणाले, "डॉक्टरसाहेब, सीट बिघडली. चूक माझ्या हातून झाली. आठ दिवसांत दुसरी शिवून देतो." माझं नाव त्यांनी घेतलं नाही. मार बसला असता तर मी तो कधीच विसरून गेलो असतो. ते वाक्य मात्र आजही विसरलेलो नाही.

आठ दिवस डॉक्टर फळीवर घोंगडी टाकून गाडी चालवत होते. थंडीत खेडोपाडी व्हिजिटला जात होते. आणि रोज रात्री बाबा मला समोर बसवून चामडं कापत, आरीनं टोचत आणि माझी एकेक चूक उलगडून सांगत.

पहिली चूक सोड्याची. चामडं स्वभावानं थोडं आंबट असतं. त्याचा सामू साधारण ४ ते ५. धुण्याच्या सोड्याचा ११ च्या घरात. सालीत कमावलेल्या चामड्याला असा खार लागला की ते काळं पडतं आणि त्याच्या तंतूंची पकड सैल होते. दुसरी चूक तेलाची. खोबरेल तेल साधारण २४ अंशांखाली थिजतं. हिवाळ्यात ते आत शिरत नाही, वर बसून राहतं आणि धूळ धरतं. शिवाय ओल्या चामड्यात तेलाला जागाच नसते. तिसरी चूक, आणि सगळ्यांत मोठी, शेगडीची. कोरडं चामडं बरीच उष्णता सोसतं. पण सालीत कमावलेलं चामडं ओलं असताना ७०-८० अंशांपर्यंत तापलं, की आक्रसतं आणि पुन्हा मूळ आकाराला येत नाही. बाबांना हे आकडे ठाऊक नव्हते. ते एवढंच म्हणत, "ओल्या कातड्याले इस्तो दाखवू नोको. सावलीनं वाळू दे."

आता आजच्या गाड्यांकडे वळू. आज नव्या गाडीत ज्याला आपण लेदर सीट म्हणतो, ते पुष्कळदा चामडं नसतंच. कंपनीच्या माहितीपत्रकात नीट वाचलं तर तिथं 'लेदरेट' असा शब्द सापडतो. म्हणजे कापडावर चढवलेला प्लॅस्टिकचा थर. काही गाड्यांत अंग टेकतं तेवढ्याच भागात चामडं आणि बाजूंना नकली, अशी सरमिसळ असते. सीटखाली कुठं उघडी कड दिसत असेल तर पाहा. उलट्या बाजूनं कापडाची वीण दिसली तर ते नकली. मऊ, केसाळ लव दिसली तर ते चामडं. नकली असेल, तर महागडं कंडिशनर विकत घेऊ नका. त्याला पिण्यासाठी तोंडच नाही. ओलसर फडक्यानं पुसा आणि उन्हापासून जपा, बस्स. हे सांगितल्यामुळं माझं गिऱ्हाईक कमी होतं, असं माझा मुलगा म्हणतो. होत असेल.

खरं चामडं असेल तर एक सोपी परीक्षा करा. कोपऱ्यात, सहज दिसणार नाही अशा जागी पाण्याचा एक थेंब ठेवा. दोन-तीन मिनिटांत तो मुरला आणि जागा गडद झाली, तर चामड्यावर थर नाही, ते उघडं आहे. थेंब तसाच राहिला, तर वर रंगाचा आणि संरक्षक लेप आहे. आजच्या गाड्यांतलं बहुतेक चामडं असं लेपाचं असतं. बाबांच्या काळची तेल जिरवायची पद्धत त्याला लागू पडत नाही. तिथं तेल लेपावरच राहतं, चिकट होतं आणि पांढऱ्या सदऱ्याला लागतं. लेपाच्या चामड्याची खरी सेवा म्हणजे स्वच्छता. कारण लेप झिजवते ती बारीक धूळ, घाम आणि आपल्या डोक्याचं तेल. विदर्भातल्या गाड्यांची डोकं टेकायची उशी पाहा. मालकाची तेलाची बाटली कोणती, ते मी वासावरून सांगू शकतो!

आता पद्धत सांगतो. वेळ निवडा दुपारची, अकरा ते तीन. पहाटे चामडंही ताठ असतं आणि औषधही घट्ट असतं. ओल लवकर सुकत नाही, ते वेगळंच. गाडी सावलीत, आंब्या-लिंबाखाली किंवा पोर्चमध्ये उभी करा आणि चारही काचा उघडा. रात्रभर गार झालेली कंडिशनरची बाटली तासभर घरात ठेवून द्या.

आधी कोरडी सफाई. व्हॅक्यूम असेल तर त्यानं, नसेल तर रंगाच्या जुन्या मऊ ब्रशनं शिवणीतली धूळ काढा. धूळ न काढता ओलं फडकं फिरवणं म्हणजे सीटवर पॉलिशपेपर मारणं. मग चामड्याचं क्लीनर किंवा तांब्याभर कोमट पाण्यात सौम्य, खार नसलेल्या द्रव साबणाचे चार थेंब. फडकं बुडवा आणि घट्ट पिळा, इतकं की पुन्हा पिळलं तर थेंब पडू नये. हातभर जागा घ्या, हलक्या हातानं गोल फिरवा, लगेच साध्या ओलसर फडक्यानं पुसा आणि कोरड्यानं टिपा. मग पुढची हातभर जागा. हवा खेळावी म्हणून सीटला बारीक भोकं असतील, तर त्यावर काहीही ओतू किंवा फवारू नका. आतला स्पंज ओला राहतो आणि पावसाळ्यात तिथंच बुरशी येते. नव्या जीन्सचा निळा डाग दिसला तर तो ताजा असतानाच पुसा. मुरल्यावर तो सहजी जात नाही.

सीट तासभर सावलीत सुकू द्या. हेअर ड्रायर नको, हीटर नको. मग कंडिशनर. एका बैठकीला रुपयाच्या नाण्याएवढं पुरतं. ते फडक्यावर घ्या, सीटवर नाही. पातळ थर द्या, पंधरा-वीस मिनिटं थांबा आणि उरलेलं सगळं पुसून काढा. हात फिरवल्यावर बोट चिकटता कामा नये. बुटाचं पॉलिश कधीही लावू नका, ते कपड्यांवर उतरतं. टायर चमकवायचं सिलिकॉनही नको. चमक म्हणजे आरोग्य नव्हे. चांगली सीट थोडी निस्तेजच दिसते.

हे वर्षातून दोनदा केलं तरी पुष्कळ. एकदा दिवाळीनंतर, पावसाळ्यातली बुरशी आणि मळ काढण्यासाठी. दुसऱ्यांदा महाशिवरात्रीच्या सुमारास, थंडी 'शिव शिव' करत निघून जाते तेव्हा. कारण आपल्याकडची थंडी ही फक्त तालीम असते. खरी परीक्षा मे महिन्यात, पारा ४५ च्या वर गेल्यावर. कोरड्या हिवाळ्यात जिची काळजी घेतली नाही, ती सीट मे महिन्यात तडकते आणि दोष दोन्ही ऋतूंना मिळतो. आणि एकदा भेग पडली की कितीही तेल लावा, ती सांधत नाही. मग भराव आणि रंग, नाही तर नवा तुकडा.

आता त्या डॉक्टरांच्या सीटचं काय झालं, ते सांगून संपवतो.

नवव्या दिवशी नवी सीट गाडीत बसली. डॉक्टर स्वतः न्यायला आले होते. बाबांनी मजुरी घेतली नाही. डॉक्टरांनी खूप आग्रह केला, बाबा ऐकेनात. शेवटी डॉक्टरांनी पुढचं डावं दार उघडलं आणि म्हणाले, "बरं, पैसे नका घेऊ. पण बसा. घरी सोडतो तुम्हाला." बाबांनी त्या गाडीची सीट दोनदा शिवली होती, पण तिच्यावर बसले नव्हते. ते क्षणभर घुटमळले. मग गळ्यातल्या दुपट्ट्यानं आधी स्वतःचं धोतर झटकलं, सीटला धूळ लागू नये म्हणून, आणि जपून बसले.

मी सायकल घेऊन मागून आलो. घरी पोचलो तेव्हा बाबा ओसरीवर बसले होते. मला जवळ बोलावून म्हणाले, "शिवण बरी बसली आहे. मले टोचली नाही."

पुढं कितीतरी गाड्यांच्या सीटा मी शिवल्या. काम झालं की गिऱ्हाइकाला किल्ली देण्याआधी मी एकदा स्वतः तिच्यावर बसतो आणि डोळे मिटून हात फिरवतो. कुठं टोचतं का, कुठं कोरडं लागतं का, ते पाहतो. तुम्हीही या हिवाळ्यात एकदा तसं करून पाहा. सीट आपली असली, तरी ती कुणाच्या तरी हातची असते. आणि तिला लागतं ते फारसं काही नाही. एक पिळलेलं फडकं, सावली आणि थोडंसं तेल.

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित शब्दांकन)